दाढेची शस्त्रक्रिया आणि भुलेचे पर्याय : जळगावातील एका मुखशल्यचिकित्सा केंद्राचे परीक्षण

जळगावातील ज्या मुखशल्यचिकित्सा केंद्राविषयी येथे लिहीत आहे, तेथे आमच्या घरातील चौघांना वेगवेगळ्या कारणांनी जावे लागले आणि चौघांना सुचवलेला भुलेचा मार्ग एकमेकांपासून पूर्णतः निराळा होता. मला शिरेतून गुंगीचे औषध देण्यात आले, भाच्याला नाकावरच्या मास्कमधून वायू देण्यात आला, माझ्या वडिलांना म्हणजे आप्पांना केवळ जागा सुन्न करणारे इंजेक्शन मिळाले आणि माझा चुलतभाऊ हवे तेवढे पैसे मोजायला तयार असतानाही त्याला गुंगी देण्यास नकार देण्यात आला. या केंद्राबद्दल चांगले मत देण्याचे माझे मुख्य कारण तो नकार हेच आहे. पुढे बिल, कागदपत्रे आणि वेळापत्रक यांविषयी काही तक्रारीही मांडल्या आहेत, त्यामुळे केंद्राचे नाव देण्याचे टाळले आहे. मात्र ज्या गोष्टी पाहून मी मत बनवले, त्या चोपडा, शिरपूर किंवा शहाद्यातील दवाखान्यातही तपासून पाहता येतील.

माझी अडचण अशी होती की, खालच्या जबड्यातील उजवी अक्कलदाढ हाडात आडवी अडकलेली होती, तिच्यावरची हिरडी वारंवार सुजत होती आणि तोंड उघडणे कठीण होत होते. पण दाताच्या खुर्चीचे नाव काढले तरी माझ्या हातापायांना घाम सुटत असे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी सुजलेली दाढ काढताना इंजेक्शनचा परिणाम झालाच नव्हता, आणि "एवढे काय त्यात, जरा सहन करा" असे म्हणत काम पुढे रेटण्यात आले होते. त्यानंतर मी लवंगेच्या तेलावर आणि वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढत राहिले. या केंद्रातील शल्यचिकित्सकांनी (दंतवैद्यकाच्या पदवीनंतर तीन वर्षांची मुखशल्यचिकित्सेची एमडीएस पदवी घेतलेले) पहिल्या भेटीत तोंडात एकही हत्यार घातले नाही. नेमकी कशाची भीती वाटते, असे त्यांनी विचारले : सुईची, ड्रिलच्या आवाजाची, घशाशी काही आले की उमासे येण्याची, वेदनेची, की आडवे पडल्यावर आपल्या हातात काहीच राहत नाही या भावनेची? प्रश्न साधा वाटतो, पण प्रत्येक भीतीवरचा उपाय वेगळा असतो. सुईची भीती असेल तर आधी हिरडीवर लावण्याची सुन्न करणारी जेल आणि अगदी सावकाश दिलेले इंजेक्शन पुरेसे ठरू शकते. उमासे येत असतील तर वायूचा चांगला उपयोग होतो. वेदनेच्या जुन्या आठवणीने मन गोठून गेले असेल, तर त्या माणसाला समजुतीचे चार शब्द सांगून भागत नाही.

आधीचे इंजेक्शन का लागले नाही, याचे उत्तरही मला प्रथमच येथे मिळाले. पू झालेल्या किंवा सुजलेल्या जागेतील ऊती आम्लधर्मी होतात. लिग्नोकेनसारखे सुन्न करणारे औषध मज्जातंतूच्या आवरणातून आत शिरण्यासाठी विद्युतभाररहित रूपात असावे लागते, आणि आम्लधर्मी जागेत त्याचे तसे रूप फारच थोडे उरते. म्हणून औषध दिलेले असूनही ते तंतूपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. रुग्ण नाटक करत नसतो. अशा वेळी सूज उतरू देणे, पू बाहेर काढणे किंवा सुजलेल्या जागेपासून दूर, तंतूच्या मुळाशी इंजेक्शन देणे हे मार्ग उपलब्ध असतात. खालच्या दाढांसाठी जबड्याच्या मागच्या बाजूला इंजेक्शन देऊन तो संपूर्ण तंतूच सुन्न केला जातो, आणि खालचा ओठ अर्धा जड झाला की औषध लागू पडल्याचे समजते. या केंद्रात ओठ जड होईपर्यंत घड्याळ पाहून थांबतात, टोचून खात्री करतात आणि मगच हात घालतात.

आणखी एक गोष्ट येथे नीट समजावली जाते. दाताच्या इंजेक्शनात लिग्नोकेनसोबत बहुधा अ‍ॅड्रेनॅलिन असते, आपल्याकडे साधारणपणे १ : ८०,००० या प्रमाणात. रक्तवाहिन्या आकसून औषध जागेवर अधिक वेळ टिकावे आणि रक्तस्राव कमी व्हावा, हा त्यामागचा हेतू असतो. त्याचा थोडा अंश रक्तात गेला की काही क्षण छातीत धडधड होते. आधीच घाबरलेल्या माणसाला ही धडधड म्हणजे आपल्याला इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आहे असे वाटते आणि तसे तो आयुष्यभर प्रत्येक डॉक्टरला सांगत राहतो. आमच्या ओळखीत असे "इंजेक्शन सोसत नाही" म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांपैकी कितीजणांना खरोखर अ‍ॅलर्जी असेल, याविषयी मला आता शंका वाटते.

गुंगी देण्याच्या पर्यायांविषयी मोकळेपणाने बोलताना शल्यचिकित्सकांनी आरंभीच एक गैरसमज दूर केला. गुंगी दिली तरी सुन्न करणारे इंजेक्शन द्यावेच लागते. गुंगीचे औषध भीती कमी करते, वेदना थांबवत नाही. इंजेक्शन कमी पडले असेल तर गुंगीतला रुग्णही कळवळतो, फक्त नंतर त्याला ते आठवत नाही. जो दवाखाना "तुम्हाला झोपवून काढू, मग काहीच कळणार नाही" एवढ्यावर विषय संपवतो, तेथे पुढचे प्रश्न आपणच विचारायला हवेत.

सर्वांत साधा पर्याय म्हणजे गोळी. डायझेपाम किंवा अल्प्राझोलाम यांसारखी गोळी आदल्या रात्री किंवा प्रक्रियेच्या सुमारे तासभर आधी देतात. खर्च अत्यल्प असतो आणि यंत्रसामग्री लागत नाही, त्यामुळे तालुक्याच्या गावातही हा मार्ग उपलब्ध असतो. मर्यादा अशी की, गोळी पोटात गेल्यावर तिचा परिणाम किती आणि केव्हा होईल हे कोणाच्याच हातात राहत नाही. एकजण बसल्या जागी पेंगतो, तर दुसरा तितकाच जागा असतो, आणि कमी पडली म्हणून त्याच वेळी आणखी एक देणे धोक्याचे ठरते, कारण दोन्हींचा परिणाम नंतर एकत्र येऊ शकतो. घरातील कोणाची तरी झोपेची गोळी आपल्या मनाने घेऊन खुर्चीत येऊन बसणारे रुग्ण आपल्या भागात बरेच आहेत, असे तेथील परिचारिकेने सांगितले. घेतलीच असेल तर ती लपवू नये, अशी तिची कळकळीची विनंती होती.

भाच्यासाठी वायूचा पर्याय निवडला गेला. तो नऊ वर्षांचा आहे. पुढच्या दोन दातांच्या मध्ये एक जादा दात उगवला होता आणि तो काढल्याखेरीज कायमचे दात जागेवर येणार नव्हते. नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांचे मिश्रण नाकावर बसणाऱ्या छोट्या मास्कमधून दिले जाते. सुरुवात शुद्ध ऑक्सिजनने होते, मग वायूचे प्रमाण हळूहळू वाढवत बहुधा ३० ते ५० टक्क्यांपर्यंत नेतात. दातांच्या कामासाठीची यंत्रे ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जाऊच देत नाहीत. काही मिनिटांतच त्याने बोटांना मुंग्या येत असल्याचे सांगितले, नंतर तो उगाचच हसू लागला, पण "तोंड उघड" म्हटले की उघडत होता. काम संपल्यावर पाच मिनिटे पुन्हा शुद्ध ऑक्सिजन दिला आणि थोड्या वेळाने तो स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला. परिणाम चटकन येतो आणि तितक्याच चटकन जातो, हे या वायूचे वैशिष्ट्य आहे.

या वायूचा दातांशी संबंध फार जुना आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील दंतवैद्य होरेस वेल्स यांनी ११ डिसेंबर १८४४ रोजी हा वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली होती. ईथरचे बोस्टनमधील प्रसिद्ध जाहीर प्रात्यक्षिक १८४६ मध्ये, म्हणजे त्यानंतर झाले. इतका जुना आणि इतका सुरक्षित उपाय आपल्या लहान गावांमध्ये अजूनही का आढळत नाही, याचे कारण खर्चात आहे : यंत्र, दोन प्रकारची सिलिंडरे, ती वेळेवर भरून आणणे आणि खोलीत वायू साचू नये म्हणून तो बाहेर खेचणारी व्यवस्था. शेवटची व्यवस्था या केंद्रात आहे, हे मी विचारून घेतले, कारण तिच्याअभावी सर्वाधिक त्रास रोज तेथे काम करणाऱ्यांना होतो.

वायू देण्यापूर्वी त्यांनी विचारलेल्या प्रश्नांतील एकाचे मला विशेष वाटले. सर्दीने नाक चोंदले आहे का, हे विचारणे स्वाभाविक होते, कारण नाक बंद असेल तर मास्कचा उपयोगच नाही. गर्भारपणाचे पहिले महिने असतील तर वायू टाळतात, हेही ऐकून होते. परंतु त्यांनी मुलाच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, बी-१२ जीवनसत्त्वाविषयी विचारले. नायट्रस ऑक्साइड शरीरातील बी-१२ निष्क्रिय करतो. निरोगी माणसाला एखाद्या वेळेच्या वापराने काही होत नाही. मात्र ज्याच्या शरीरात ते आधीच फार कमी आहे, त्याच्या मज्जातंतूंना इजा होऊ शकते. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास आढळते, तेव्हा हा प्रश्न येथे तर विचारलाच गेला पाहिजे. हातापायांना सतत मुंग्या येणाऱ्या प्रौढ रुग्णाची ते आधी रक्ततपासणी करून घेतात, असे कळले.

आता माझ्याविषयी. माझ्या दाढेचा ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे, काढला तेव्हा मुळे खालच्या जबड्यातून जाणाऱ्या तंतूच्या अगदी लगत दिसत होती. म्हणून त्रिमितीय स्कॅनही करून घ्यावा लागला. दाढ काढल्यावर ओठाची किंवा हनुवटीची बधिरता काही काळ राहू शकते आणि क्वचित, शंभरात एकापेक्षाही कमी जणांमध्ये, ती कायमची राहते, हे त्यांनी स्कॅनवर बोट ठेवून दाखवले. भित्र्या रुग्णाला असे काही सांगू नये, असा आपल्याकडे समज आहे. मला मात्र ते ऐकून धीर आला, कारण लपवाछपवी होत नाही एवढे तरी निश्चित झाले. हाड कोरून आणि दाढेचे तुकडे करून ती काढावी लागणार असल्याने, शिवाय माझी भीती पाहता, शिरेतून गुंगी देण्याचे ठरले.

या प्रकारात मिडाझोलाम हे औषध बहुतेक ठिकाणी वापरतात. गोळीपेक्षा त्याचा मोठा फायदा हा की, ते थेंबाथेंबाने देता येते : थोडेसे द्यायचे, दोन मिनिटे थांबायचे, रुग्णाकडे पाहायचे, लागले तर आणखी थोडे द्यायचे. रुग्ण पूर्ण झोपत नाही. हाक मारली की ओ देतो, सांगितले तसे करतो, पण त्या वेळचे त्याला पुढे फारसे आठवत नाही. मला सलाईन लावल्याचे, भूलतज्ज्ञांनी "ताई, आता गावाकडचं काही सांगा" असे म्हटल्याचे आणि मी तापीच्या पुलाविषयी काही सांगू लागल्याचे आठवते. त्यानंतर थेट टाके घालून झाल्याचे आठवते. मधल्या काळात मी सूचनेप्रमाणे तोंड उघडत होते आणि एकदा पाणीही मागितले, असे मला नंतर सांगण्यात आले.

येथे या केंद्राचे खरे मोल दिसते. दाढ काढणारे डॉक्टर आणि गुंगी देणारे डॉक्टर वेगळे होते. हे पुष्कळांना बिल वाढवण्याचे निमित्त वाटेल, म्हणून कारण सविस्तर सांगते. हाताच्या किंवा पायाच्या शस्त्रक्रियेत श्वासाचा मार्ग मोकळा असतो. तोंडाच्या शस्त्रक्रियेत शल्यचिकित्सक त्याच मार्गावर काम करत असतात, तेथेच ड्रिलचे पाणी साचते, रक्त साचते, दाढेचा तुकडा निसटू शकतो, आणि गुंगी जितकी गाढ तितका खोकण्याचा प्रतिसाद मंद होतो. ज्याचे लक्ष दाढेच्या मुळावर खिळले आहे, त्याच माणसाने श्वासावरही लक्ष ठेवावे, ही अपेक्षा अवाजवी आहे. माझ्या वेळी भूलतज्ज्ञ डोक्याशी बसून होते आणि त्यांचे दुसरे कोणतेही काम नव्हते. बोटाला ऑक्सिमीटर होता, दंडाला ठरावीक वेळाने आपोआप फुगणारा रक्तदाबाचा पट्टा होता, शिवाय श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्रही होते. या शेवटच्या यंत्राचे महत्त्व असे की, नाकातून ऑक्सिजन चालू असताना श्वास मंदावला तरी ऑक्सिमीटरवरचा आकडा बराच वेळ चांगलाच दिसत राहतो; श्वास थांबल्याची बातमी हे यंत्र आधी देते. मिडाझोलामचा परिणाम उतरवणारे फ्लुमाझेनिल औषध ट्रेवर काढून ठेवले होते. ते दिले तरी रुग्णाला लगेच घरी सोडत नाहीत, कारण त्याचा परिणाम मिडाझोलामच्या आधी ओसरतो आणि गुंगी परत येऊ शकते.

आप्पांची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. ते सत्तरी ओलांडलेले आहेत, हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन घेतात, रात्री घोरतात आणि मधूनच त्यांचा श्वास अडकतो. मला मिळाली तशी गुंगी त्यांनाही द्यावी, असा माझा आग्रह होता. भूलतज्ज्ञांनी घोरण्याविषयी एवढे प्रश्न विचारले की आप्पा वैतागले. घोरताना श्वास अडकणाऱ्या वयस्कर माणसाला गुंगी देणे अधिक जोखमीचे असते आणि त्यांची हलणारी दाढ तर दोन मिनिटांत निघणार होती, म्हणून नुसत्या इंजेक्शनवर काम करण्याचे ठरले. अ‍ॅस्पिरिनही बंद करायला सांगितले नाही. साध्या दाढेसाठी ती सहसा बंद करत नाहीत. जागेवर दाब, टाका आणि रक्त गोठवणारा स्पंज यांनी काम भागते, उलट गोळी थांबवल्यास हृदयाला धोका संभवतो. परिचारिकेने अहिराणीत "आप्पा, दुखस का?" असे विचारले, आप्पांनी मान हलवून नाही म्हटले आणि तोवर दाढ ट्रेमध्ये पडलेलीही होती. भीती घालवण्याच्या औषधांमध्ये आपल्या बोलीतले दोन शब्द कोणी धरत नाही, पण धरायला हरकत नाही.

चुलतभावाचे प्रकरण मात्र गंभीर होते आणि खान्देशातील वाचकांनी ते लक्षपूर्वक वाचावे. त्याचे वय चाळिशीच्या आत आहे. त्याची वरची दाढ किडलेली होती आणि माझे ऐकून तोही "मला ताईसारखं झोपवूनच काढा" असे ठरवून आला. भूलतज्ज्ञांनी त्याला तोंड उघडून स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये घालायला सांगितले. निरोगी माणसाच्या तोंडात ती साधारणपणे मावतात. त्याचे एक बोट कसेबसे गेले. गालांच्या आतल्या बाजूला पांढुरके, ताठर पट्टे तयार झाले होते. सुपारीमुळे होणारा हा विकार आहे; त्यात तोंडाचे अस्तर आकसत जाते, तिखट खाल्ले की आग होते आणि पुढे त्यातून कर्करोगही उद्भवू शकतो. "मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो" हे त्याचे समर्थन तेथे टिकले नाही, कारण या विकाराचे मूळ सुपारीतच आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पुड्या तरीही कशा मिळतात, हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याला गुंगी नाकारण्याचे कारण असे की, गुंगीत श्वास अडलाच तर रुग्णाचे तोंड उघडून घशात नळी घालावी लागते, आणि ज्याचे तोंड एका बोटापुरतेच उघडते त्याच्या बाबतीत ते ऐनवेळी जमण्याची शक्यता फार कमी असते. अशा रुग्णाला अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात, जागेपणी नाकातून दुर्बिणीच्या साह्याने नळी घालून मगच पूर्ण भूल देणे योग्य ठरते. केंद्राने त्याला तसे लिहून दिले, तोंडातील पट्ट्याचा तुकडा तपासणीसाठी पाठवण्याचा सल्ला दिला आणि केवळ तपासणीचे शुल्क घेतले. पुढची शस्त्रक्रिया नाशिकच्या एका मोठ्या रुग्णालयात झाली. रुग्ण स्वतः पैसे घेऊन दारात उभा असताना त्याला नाही म्हणणारा दवाखाना मला अधिक विश्वासाचा वाटतो.

आता तक्रारींकडे वळते. संमतीपत्र पूर्णतः इंग्रजीत होते. ज्या कागदावर आपण जिवाच्या जोखमीला मान्यता देतो, तो चोपडा किंवा रावेर तालुक्यातून आलेल्या शेतकऱ्याला वाचता येत नसेल तर त्या सहीला कितपत अर्थ आहे? तोंडी माहिती उत्तम मराठीत देणाऱ्या केंद्राला तोच मजकूर मराठीत छापून घेणे अवघड नव्हते. दुसरी तक्रार उपाशी राहण्याच्या सूचनेविषयी आहे. छापील कागदावर "रात्री बारानंतर काहीही घेऊ नये" असे होते, तर भूलतज्ज्ञांनी फोनवर सांगितले की हलके खाणे सहा तास आधी, तेलकट किंवा जड जेवण आठ तास आधी बंद करावे आणि साधे पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालते. यातील दुसरी सूचना शास्त्राला धरून आहे. पारा ४५ अंशांकडे झुकत असताना एस.टी.ने प्रवास करून येणाऱ्या माणसाला मध्यरात्रीपासून घोटभर पाण्यावाचून ठेवण्यात काही अर्थ नाही, आणि मधुमेही माणसाला तर त्याचा अपायच होईल. दुधाचा चहा मात्र पाण्यात मोजला जात नाही, तो हलक्या खाण्यात धरला जातो; "फक्त चहाच घेतला आहे" असे सांगणाऱ्या दोन रुग्णांचे काम माझ्यादेखत पुढे ढकलले गेले.

बिलाविषयी बोलायचे तर भूलतज्ज्ञांचे शुल्क दाढ काढण्याच्या शुल्काच्या जवळपास बरोबरीने होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही, वर सांगितलेली जबाबदारी पाहता ते योग्यच वाटते. परंतु स्कॅन, औषधे आणि नंतर विश्रांतीसाठी वापरलेली खाट यांचा मिळून जो एक ठोक आकडा लिहिला होता, त्याची फोड मागितल्यावर स्वागतकक्षातील व्यक्तीने नाराजी दाखवली. आरोग्य विम्यातून काही मिळेल या आशेवरही राहू नये, कारण अपघाताखेरीज दातांचे उपचार बहुतेक पॉलिसींमधून वगळलेले असतात. शिवाय भूलतज्ज्ञ बाहेरून ठरलेल्या दिवशीच येतात आणि एखाद्या मोठ्या रुग्णालयातून तातडीचे बोलावणे आले की यादी कोलमडते. माझ्या वेळी उपाशीपोटी दुपारपर्यंत बसून राहावे लागले, आणि घाबरलेल्या रुग्णासाठी वाट पाहण्याइतकी वाईट गोष्ट दुसरी नाही.

सोबत प्रौढ व्यक्ती नसेल तर शिरेतून गुंगी देत नाहीत आणि हा नियम ते मोडत नाहीत. चोवीस तास वाहन चालवायचे नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही, चुलीशी किंवा गॅसशी एकटीने काम करायचे नाही, असे सोबतच्या माणसाकडून वदवून घेतात. मोटारसायकलवर मागे बसून जाण्यासही त्यांनी मनाई केली. पेंगुळलेला माणूस मागच्या सीटवरून कधी घसरेल, याचा नेम नसतो. आम्हाला भाड्याची गाडी करावी लागली, तो खर्च हिशेबात आधीच धरावा.

नंतरची काळजी मात्र खरोखर चांगली घेतली गेली. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फाचा शेक, थुंकायचे नाही, स्ट्रॉने काही ओढायचे नाही, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. हाडावरची रक्ताची गुठळी निघून गेली तर दोन ते चार दिवसांनी कानापर्यंत जाणारी भयंकर ठणक सुरू होते आणि धूम्रपान करणाऱ्यांत हे अधिक घडते, हे त्यांनी आधीच सांगितले होते. त्या सुमारास त्यांनी स्वतः फोन करून चौकशी केली. खाण्याच्या यादीत मऊ खिचडी, ताक-भात, केळी होती. शेवभाजी, ठेचा आणि कळण्याची भाकरी यांना काही काळ रजा द्यावी लागली. आमच्या घरात ती शिक्षा दाढेपेक्षा मोठी मानली गेली.

ज्यांना हा खर्च झेपणार नाही, त्यांच्यासाठी धुळ्याचे एसीपीएम दंत महाविद्यालय हा विचारात घेण्याजोगा पर्याय आहे. दंत महाविद्यालयांत विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ अधिक लागतो आणि शुल्क खाजगी केंद्रापेक्षा कमी असते. जिची भीती केवळ सुईपुरती आहे आणि दाढ सरळ उभी आहे, तिने या केंद्रात शिरेतल्या गुंगीसाठी पैसे घालवण्याचे कारण नाही. गावातील चांगल्या दंतवैद्याकडे जेल आणि सावकाश दिलेले इंजेक्शन यांवर तिचे काम होईल. माझ्यासारखी आडवी दाढ आणि जुनी दहशत एकत्र असेल तर मात्र हे केंद्र मी निःसंकोच सुचवेन. जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, साखर-रक्तदाबाचे ताजे कागद आणि जुने एक्स-रे बरोबर न्यावेत, भूलतज्ज्ञ कोणत्या वारी येणार हे आदल्या दिवशी फोनवर पक्के करावे आणि शक्यतो सकाळची पहिलीच वेळ मागून घ्यावी.